जाते जपताना : दगड, ओवी आणि घरातील वडीलधारी

धाराशिव जिल्ह्यातील जुनी माळवदाची घरे पाडून नवी सिमेंटची घरे बांधण्याचे काम गेली कित्येक वर्षे गावोगावी चालू आहे. घर पाडताना तुळया, दारे, चौकटी यांना किंमत येते, पितळी भांडी वाटून घेतली जातात, आणि शेवटी परसात दोन गोल काळे दगड उरतात. ते कोणी मागत नाही. उचलायला जड, ठेवायला अडचणीचे, वापरायचे तर कारण नाही. मग त्यातला एक तळ नळाखाली कपडे धुण्यास जातो, दुसरा पायरीत बसतो. ज्या बाईने त्या दगडांवर वीस-पंचवीस वर्षे रोज पहाटे दळण दळले, ती त्याच घरात खाटेवर बसून हे पाहत असते. बहुधा ती काही बोलत नाही, आणि तिला कोणी विचारतही नाही.

आरोग्यविषयक पाक्षिकाच्या या सदरात जात्याचा विषय कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. कारण असे की, रोज जात्यावर दळणाऱ्या स्त्रियांची शेवटची पिढी आज सत्तरी, ऐंशी, नव्वदीत आहे. दगड हजार वर्षे टिकेल. पण तो कोणी घडवला, कोणाच्या माहेराहून आला, त्यावर कोणत्या ओव्या म्हटल्या गेल्या, हे सांगणारी स्मृती तितकी टिकणार नाही. शिवाय वृद्ध माणसाच्या मनाला आणि शरीराला या दगडापासून जसा काही लाभ होऊ शकतो, तसा अपायही होऊ शकतो. म्हणून जात्याची जपणूक आणि जातेवालीची काळजी या दोन गोष्टी एकत्रच विचारात घेणे बरे.

दगडाची वंशावळ

धान्य दळण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे मध्ये खोलगट झालेला लांबट दगड आणि त्यावर पुढे-मागे घासायचा हातदगड. आपल्या पाटा-वरवंट्याचा तो पूर्वज. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन शेतकरी आजपासून सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी असेच दगड वापरीत होते. त्यांवर दळायचे म्हणजे गुडघे टेकून, संपूर्ण अंगाचा भार हातांवर देऊन दाणा चिरडायचा.

गोल फिरणारे जाते हा त्यानंतरचा मोठा शोध. पुढे-मागे करण्यात निम्मी शक्ती हात परत आणण्यातच खर्च होते. गोल गतीत ती वाया जात नाही, आणि एकदा वेग घेतलेली वरची तळी स्वतःच्या वजनाने पुढे जात राहते. ज्येष्ठ पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांनी भारतातील फिरत्या जात्यांविषयी १९५९ साली ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात टिपण लिहिले होते. दख्खनमध्ये सातवाहनकाळापासूनच्या वसाहतींत अशी जाती आढळतात. म्हणजे आपल्या परसातील दगडाचा घाट जवळपास दोन हजार वर्षांचा आहे.

धाराशिव जिल्ह्याला या इतिहासात मानाचे स्थान आहे, ते तेरमुळे. तेरणा नदीच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासाच्या माहितीपत्रात पैठणच्या पूर्वेला सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर असलेले तगर हे मोठे शहर नोंदले आहे. तेथून कापड आणि इतर माल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री कझिन्स यांनी तेर म्हणजेच तगर हे अभ्यासकांपुढे मांडले. पुढे १९५८ साली बा. ना. चापेकर यांनी तेथे उत्खनन केले. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर पांढरीच्या मातीत सापडणाऱ्या वस्तू गोळा केल्या आणि त्यांच्या संग्रहातूनच तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. हस्तिदंती बाहुलीसाठी ते जगभर ओळखले जाते. मात्र अशा संग्रहालयात गेल्यावर बाहुलीइतकेच मातीच्या भांड्यांकडे आणि दगडी साधनांकडेही पाहावे. व्यापारी तांड्यांनी गजबजलेल्या नगराला रोज भाकरी लागे, आणि ती भाकरी कोणीतरी पहाटे दळलेल्या पिठाची असे.

मराठवाड्यात हाताने फिरणाऱ्या जात्याचा थोरला भाऊही आहे. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की अठराव्या शतकातील. काही मैल दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेले पाणी उंचावरून खाली सोडून त्याच्या जोरावर तेथे जाते फिरवले जाई, आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी व फकिरांसाठी पीठ दळले जाई. पाण्याचे बळ वापरणारी ही गिरणी आज पर्यटकांसाठी जपलेली आहे. तिच्यासमोर उभे राहिले की एक गोष्ट लक्षात येते. शेकडो माणसांच्या अन्नासाठी पाण्याला कामाला लावले गेले, पण घराघरांतील दळण मात्र पुढची दोनशे वर्षे बाईच्या दंडावरच राहिले.

आपल्या जात्याचा दगड आपल्या भूमीचाच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या लाव्हापासून दख्खनचे पठार घडले, आणि बालाघाटच्या रांगांतील काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट, त्याच लाव्ह्याचा. हा दगड कठीण असूनही टाकीने घडवता येतो आणि सावकाश झिजतो. जर्मनीतील मायेन या गावच्या परिसरात असाच लाव्ह्याचा दगड आहे, आणि रोमन काळापासून तेथील जाती युरोपभर जात असत. एकमेकांना कधीही न पाहिलेल्या दोन मुलखांतील माणसांनी भाकरीसाठी सारखाच दगड निवडला.

जाते घडते कसे, चालते कसे

जात्याच्या दोन तळ्या असतात. खालची स्थिर, वरची फिरती. खालच्या तळीच्या मध्यभागी खीळ बसवलेली असते आणि तिच्यावर वरची तळी तोलली जाते. वरच्या तळीच्या मधल्या तोंडातून मुठीमुठीने धान्य सोडायचे, त्याला वैरण घालणे म्हणतात. कडेच्या भोकात लाकडी खुंटा ठोकलेला असतो. डाळ भरडायची असेल तेव्हा काही घरांत खिळीवर कापडाची घडी ठेवून वरची तळी किंचित उचलून घेत, म्हणजे दाणा पिठासारखा न दळता नुसता फुटे. एवढ्या साध्या युक्तीने एकाच साधनातून पीठ, कणी आणि डाळ निघत असे.

हे दगड घडवण्याची विद्या प्रामुख्याने वडार आणि पाथरवट समाजाची. खाणीतून दगड निवडणे, त्याचा आवाज ऐकून तडा ओळखणे, गोलाई साधणे आणि दोन्ही तळ्यांचे तोंड एकमेकांवर बरोबर बसवणे, हे सारे हाताच्या अंदाजाने चाले. वापराने दगड गुळगुळीत झाला की दाणा दळला न जाता घसरतो. मग टाकी लावणारे कारागीर गल्लीतून हाळी देत येत आणि घरोघरच्या जात्याला, पाट्याला टाकीचे नवे टिपके पाडून देत. टाकी लावल्यानंतरचे पहिले दळण खाण्यासाठी नसे. भरडे धान्य किंवा कोंडा दळून ते पीठ टाकून देत, म्हणजे दगडाची कच निघून जाई. या कारागिरांची हाळी आता गावांतून जवळजवळ ऐकू येत नाही. जात्याच्या इतिहासात त्यांचे श्रम आणि त्यांच्या फुफ्फुसांत गेलेली दगडाची धूळ यांचीही नोंद असायला हवी.

पहाटेचे कष्ट आणि ओवी

जात्याविषयी लिहिताना गतकाळाचे गोडवे गाण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. दहा-पंधरा माणसांच्या कुटुंबाचे दळण म्हणजे पहाटे तीन-चारला उठून दोन-तीन तासांचे काम, आणि त्यानंतर पाणी, शेण, स्वयंपाक आणि शेत. हे काम बहुतेक वेळा धाकट्या सुनेच्या वाट्याला येई. गर्भारपणातही ते सुटत नसे. गावात डिझेल इंजिनावरची आणि पुढे विजेवरची पिठाची गिरणी आली, तेव्हा स्त्रियांना झालेला आनंद खरा होता. त्या गिरणीने त्यांना रोजची दोन तासांची झोप परत दिली. १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामावर दिवसभर खडी फोडून आलेल्या आणि मिळालेला लाल मिलो घरी नेणाऱ्या ज्या आज्या आज आपल्यात आहेत, त्यांना दळणाचे कष्ट आणि धान्याचे मोल दोन्ही ठाऊक आहे.

तरीही त्या कष्टातून एक मोठी गोष्ट निर्माण झाली. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, उमरग्याहून फार दूर नसलेले, सीमेपलीकडचे शेजारगाव. म्हणजे सुमारे नऊशे वर्षांपूर्वी याच टापूत बसून एका राजाने कष्टकरी स्त्रियांच्या गाण्याची दखल घेतली होती. जनाबाईसोबत विठ्ठल दळायला बसतो ही कल्पना महाराष्ट्राला इतकी जवळची वाटते, तीही त्यामुळेच. दळणाच्या एकांतात बाईला सोबत हवी होती. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईचे म्हणून जाते दाखवले जाते. शिर्डीच्या द्वारकामाईत साईबाबांचे जाते जपले आहे. दगड जपण्याची परंपरा आपल्याकडे आहे. ती संतांच्या दगडापुरती राहिली, घरच्या बाईच्या दगडापर्यंत आली नाही.

ती उणीव भरून काढण्याचे एक थोर काम मराठीत झाले. हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन भारतीय झालेले गी पॉइटव्हाँ या दोघांनी सहकाऱ्यांसह १९८० आणि १९९० च्या दशकांत गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एक हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांहून अधिक स्त्रियांनी त्या सांगितल्या. माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरी, पाऊस, बाबासाहेब असे सारे आयुष्य त्यांत आहे. २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या जनसंग्रहातून सर्वांसाठी खुला होऊ लागला. त्यात सांगणारीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. ही नोंद फार महत्त्वाची, कारण त्यामुळे ओवी निनावी राहत नाही.

स्मृतीला हात देताना

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींची काळजी घेणाऱ्यांना एक अनुभव ओळखीचा असतो. सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पण लहानपणचे गाणे कडव्यांसह येते. नवी स्मृती आधी क्षीण होते, तर जुन्या आठवणी आणि हातांना वळण पडलेल्या कृती पुष्कळदा उशिरापर्यंत टिकतात. याच आधारावर जुन्या वस्तू, छायाचित्रे, वास आणि गाणी यांच्या साहाय्याने आठवणी जागवण्याची पद्धत वृद्धसेवेत वापरली जाते. तिचे परिणाम मर्यादित असतात आणि प्रत्येकात सारखे दिसत नाहीत. तिने आजार बरा होत नाही. पण काही जणांची मनःस्थिती सुधारते, बोलणे वाढते, आणि घरच्यांना समोरच्या रुग्णामागचे माणूस पुन्हा दिसते. हेही थोडे नव्हे.

जाते अशा वेळी उपयोगी पडते, कारण ते डोळ्यांनी पाहता येते, हातांनी चाचपता येते, त्याला आवाज आहे आणि त्याला गाणे जोडलेले आहे. ते करताना पुढील पथ्ये पाळावीत.

परीक्षा घेऊ नये. “आठवतंय का? सांगा बरं,” असे विचारले की न आठवणाऱ्या माणसाला लाज वाटते. त्यापेक्षा सुपात मूठभर ज्वारी ठेवून, “आज्जी, आमच्याकडं म्हणतात की आधी खडा बघायचा, मग वैरण घालायची. तुमच्याकडं कसं करायचे?” असे बोलणे सुरू करावे. आपण चुकीचे काही केले तर आज्जी दुरुस्त करील, आणि ती दुरुस्ती म्हणजेच संवाद.

वेळ सकाळची निवडावी. पंधरा-वीस मिनिटे पुरेत. आज्जीला तिच्या नेहमीच्या खुर्चीवर बसवून दगड तिच्याजवळ आणण्यापेक्षा तिची खुर्ची दगडाजवळ न्यावी. कानाला यंत्र असेल तर ते लावलेले असावे, चष्मा पुसलेला असावा. ओवी आली तर मध्ये अडवू नये. अर्धवट राहिली तर पूर्ण करण्याचा आग्रह धरू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक आठवण सुखाची असेल असे गृहीत धरू नये. जात्याशी कोणाचा सासुरवास जोडलेला असतो, कोणाचे गेलेले लेकरू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने उमरगा-लोहारा भागातील गावांत दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. त्या कुटुंबांतील वृद्धांना जुन्या घरातला दगड दाखवताना फार जपून असावे. डोळ्यांत पाणी आले तर घाबरू नये, विषयही घाईने बदलू नये. हात धरून शेजारी बसावे, ऐकावे. पण अस्वस्थता वाढली, झोप उडाली किंवा तेच दृश्य पुन्हा पुन्हा छळू लागले, तर दगड नजरेआड करावा आणि डॉक्टरांशी बोलावे. न बोलण्याचा हक्कही वृद्धांना आहे.

जात्याचे पीठ आणि शरीराचे गणित

‘जात्याचे पीठ खा, निरोगी राहा’ असे सांगणारे अलीकडे पुष्कळ झाले आहेत. त्यातले खरे किती, ते पाहू. जात्याच्या पिठात कोंडा आणि अंकुर राहतो, ते काहीसे भरड असते आणि दळताना तापत नाही. भरड आणि कोंड्यासह असलेले पीठ पचायला तुलनेने सावकाश लागते, पोट साफ राहण्यास मदत होते. पण हे गुण मिळवण्यासाठी जातेच हवे असे नाही. गल्लीतील गिरणीतून थोडे भरड दळून आणलेले आणि न चाळलेले पीठही जवळपास तेच काम करते. ज्वारीत ग्लुटेन नसते, हा गुण धान्याचा, दगडाचा नव्हे. कोंड्यासह दळलेल्या पिठात धान्याचे तेल असल्याने ते लवकर खवट होते. म्हणून दोन माणसांच्या घरात महिन्याचे दळण एकदम न आणता आठ-दहा दिवसांपुरते आणावे. भाकरीही न चिरता थापता येते. मधुमेह असेल तर जात्याच्या पिठाची भाकरीही मोजूनच खायची असते, आणि औषध तिच्यासाठी थांबवायचे नसते.

दगडी पिठाचा एक दोष जुन्या माणसांना ठाऊक आहे. त्यात बारीक कच उतरते आणि दात झिजतात. कवळी वापरणाऱ्यांना ती कच अधिक टोचते. तेव्हा वर्षानुवर्षे पडून असलेल्या जात्यावर हौसेने दळायचे असेल, तर ते स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावे, दोन-तीन वेळा भरडे धान्य दळून ते पीठ टाकून द्यावे, आणि चिमूटभर पीठ बोटांत चोळून खरखर तपासावी. कच येतच राहिली तर तो दगड पाहण्यासाठी ठेवावा, खाण्यासाठी नको.

आता वजनाचा हिशेब करू. बेसाल्टचा एक घन सेंटीमीटर साधारण २.९ ग्रॅम भरतो. ४० सेंटीमीटर व्यासाची आणि ६ सेंटीमीटर जाडीची तळी सुमारे २२ किलोंची होते. दोन्ही मिळून ४४. हाडे ठिसूळ झालेल्या माणसाने वाकून असे वजन उचलले, तर मणक्याला चीर जाण्यास तेवढे निमित्त पुरते. म्हणून साठीपुढील कोणीही तळी एकट्याने उचलू नये. दोन तरुण माणसांनी गुडघ्यांत वाकून, पाठ सरळ ठेवून, पायांत बूट घालून ती हलवावी.

गुडघ्याचा सांधा बदललेला असेल, कंबरेचा किंवा खांद्याचा जुना त्रास असेल, हृदयविकार असेल, तर जमिनीवर बसून दळण्याचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. दळण्याची केवळ हालचाल हवी असेल तर योगाभ्यासात चक्कीचालन नावाचा प्रकार आहेच. वृद्धांनी तो पक्क्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसून, पाय जमिनीवर टेकवून, दोन्ही हातांची बोटे गुंफून, हवेत लहानसे वर्तुळ काढत करावा. पाच वेळा उजवीकडे, पाच वेळा डावीकडे, श्वास न कोंडता. चक्कर, छातीत दुखणे किंवा दम लागणे यांपैकी काही जाणवले तर लगेच थांबावे. सोबत ओवी म्हटली तर श्वास आपोआप लयीत राहतो.

दगड कसा जपावा

घरातील जाते जपण्यास खर्च येत नाही, पण काही चुका टाळाव्या लागतात.

स्वच्छतेसाठी मऊ ब्रश आणि साधे पाणी पुरते. आम्ल, फरशी धुण्याची द्रावणे आणि तारेची घासणी वापरू नये. ऑइलपेंट किंवा सोनेरी रंग देऊ नये. रंगाखाली टाकीचे टिपके बुजतात, आणि कारागिराचा हात ओळखण्याची खूण तीच असते. केवळ शोभेसाठी जुन्या दगडाला नव्याने टाकीही लावू नये. वापरासाठी लावायचीच असेल तर उघड्यावर, दगड ओला ठेवून, तोंडाला मुखपट्टी बांधून लावावी, आणि दम्याच्या रुग्णांनी तेथून दूर राहावे.

दोन्ही तळ्या एकत्र ठेवाव्यात. त्या एकमेकींवर घासून एकमेकींच्या झाल्या आहेत, वेगळ्या केल्या तर जाते राहत नाही. खुंट्याला कीड लागली म्हणून नवा बसवला, तरी जुना खुंटा चिठ्ठी बांधून ठेवावा. कितीतरी हातांनी तो गुळगुळीत झालेला असतो. दगड सिमेंटमध्ये गाडू नये, पायरीत बसवू नये.

जागा निवडताना घरातील वृद्धांच्या चालण्याचा विचार आधी करावा. शौचालयाच्या वाटेवर, उंबऱ्याजवळ किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेला दगड म्हणजे रात्री ठेच लागून पडण्याला निमंत्रण. तळी भिंतीला टेकवून उभी ठेवू नये. नातवंडाने ओढली तर पायावर येते. जाते आडवे, स्थिर, उजेडात आणि वाटेबाहेर असावे.

अंगणात ठेवलेल्या जात्याच्या तोंडात आणि उखळात पावसाचे पाणी साचते. डेंग्यूचा डास एवढ्याशा पाण्यातही अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास बाहेर पडतात. तेव्हा आठवड्यातून एकदा हे खळगे उपसून कोरडे करावेत किंवा पावसाळ्यात झाकून ठेवावेत.

तेरसारख्या गावी शेत नांगरताना किंवा पाया खोदताना जुन्या पांढरीत एखादे जाते लागले, तर ते उकरून घरी नेऊ नये. ज्या मातीत आणि ज्या थरात ते सापडले, त्यातूनच त्याचा काळ ठरतो. तलाठ्यांना किंवा संग्रहालयास कळवावे. परदेशी असलेल्या मुलामुलींना आजीचे जाते न्यावेसे वाटते, त्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून आधी पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून खातरजमा करून घ्यावी.

नोंदीचा एक कागद

दगड जपला आणि त्याची कथा गेली, तर काही पिढ्यांनी तो कोणाचा हे कोणी सांगू शकणार नाही. म्हणून प्रत्येक जात्याबरोबर एक कागद असावा. त्यात व्यास आणि जाडी, दगडाचा रंग, खुंट्याचे लाकूड, ते कोणत्या गावी घडले, कोणी घडवले, कोणाच्या लग्नात किंवा कोणत्या बाजारातून आले, कोणी कोणी त्यावर दळले, शेवटचे दळण साधारण कधी झाले आणि लग्नाची हळद त्यावर कोणाकोणाची दळली गेली, हे लिहावे. दळणाऱ्या स्त्रियांची नावे लिहिताना सासरचे आणि माहेरचे, दोन्ही गावांचे नाव घालावे.

ओव्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित कराव्यात, पण आधी विचारून. काही ओव्या सुनेच्या मनातल्या असतात, त्या मुलासमोर म्हणायच्या नसतात. अशा वेळी लेकीने किंवा नातीने एकटीने बसावे. आरंभी दिनांक, गाव आणि आज्जीला आवडेल ते नाव म्हणावे. शब्द तिच्या बोलीत जसे येतील तसेच लिहावेत. ‘शुद्ध’ करू नयेत. तिने कोणापुढे ऐकवू नकोस म्हटले, तर ते पाळावे.

काळजी घेणाऱ्यांच्या दिवसाला आधीच पुष्कळ कामे असतात, हे या सदराच्या वाचकांना सांगायला नको. औषधांच्या वेळा, अंघोळ, रात्रीची जाग. त्यात हे आणखी एक काम वाटू शकेल. पण दिवसभर आपण वृद्धांसाठी काहीतरी करत असतो आणि ते घेत असतात. जात्याजवळचा अर्धा तास असा असतो की त्यात देणारी ती असते आणि घेणारे आपण. बरीच वर्षे केवळ सेवा घेत असलेल्या माणसाला आपल्याकडे अजून काही देण्यासारखे आहे, हे जाणवणे त्याच्या मनःस्वास्थ्यासाठी मोलाचे असते.

या पंधरवड्यात फार काही न करता दोन गोष्टी कराव्यात. परसातील दोन्ही तळ्या शोधून एका सुरक्षित जागी आणाव्यात, आणि वरील कागदाच्या पहिल्या तीन ओळी घरातील सर्वांत ज्येष्ठ स्त्रीला विचारून भराव्यात. चौथी ओळ पुढच्या आठवड्यात भरली तरी चालेल. पहिल्या तीन मात्र लांबवू नयेत.